हाकेच्या अंतरावरचे अंगण

दीड वर्षापूर्वीची गोष्ट. वीस महिन्यांचा एक मुलगा आई व आजीसमवेत माझ्या दवाखान्यात आला. (ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलले आहेत.) मूल उशिरा चालू लागले, चालते तेही चार पावले टाकून बसते आणि 'मम्मा'खेरीज दुसरा शब्द बोलत नाही, अशी तक्रार होती. अशा मुलाची जी तपासणी आपण सारेच करतो ती केली. वजन, उंची, डोक्याचा घेर, स्नायूंचा ताण, खुब्याचे सांधे पाहिले. थायरॉइडची व श्रवणाची चाचणी करवून घेतली. नजरेला नजर देत होते, हाकेला वळून पाहत होते. सारे ठीक निघाले.

माझ्या दवाखान्याच्या मागील बाजूस हरळीचा एक लहानसा पट्टा आहे. दुसऱ्या भेटीच्या वेळी त्या मुलाला मी तेथे नेले व बूट काढून हिरवळीवर उभे करू लागलो. त्याने दोन्ही पाय पोटाशी ओढून घेतले आणि असा टाहो फोडला की आत बसलेले पालक उठून बाहेर आले. आजी ओशाळून म्हणाल्या, "डॉक्टरसाहेब, आम्ही सातव्या मजल्यावर राहतो. घरातून लिफ्ट, लिफ्टमधून गाडी. त्याचे पाय मातीला लागलेच कुठे?"

मी नेहमीचा उपदेश केला. भ्रमणध्वनी बंद, दूरदर्शन बंद, रोज किमान तीन तास हालचालीचा खेळ. आईने सारे शांतपणे ऐकून घेतले व विचारले, "पण याला न्यायचे कुठे, डॉक्टर?" मी म्हणालो, "जवळच्या बगिच्यात." त्यावर ती म्हणाली, "कोणत्या?"

सत्तावीस वर्षांच्या व्यवसायात हा उपदेश मी किती वेळा केला असेल याची गणती नाही. मात्र तो पाळायचा तर जागा कोठे आहे, हे मी कधी पाहिले नव्हते. दुसऱ्या दिवशी दुपारी साडेचार वाजता मी त्यांच्या इमारतीखाली जाऊन उभा राहिलो.

इमारतीपासून बगिचा माझ्या पावलांनी सुमारे सहाशे पावले. वाटेत पदपथ आहे, परंतु त्यावर मोटारी उभ्या. मधला रस्ता ओलांडण्यास आम्हांला तीन-चार मिनिटे लागली. मूल अर्थातच आईच्या कडेवर. त्या रस्त्यावर त्याला खाली सोडण्याचे धैर्य मलाही झाले नसते. बगिच्याच्या दाराशी लोखंडी नळ्यांची नागमोडी वाट केलेली होती. गाई व दुचाकी वाहने आत शिरू नयेत हा हेतू योग्यच, पण बाबागाडी त्यातून जात नाही. ती बाहेर ठेवून आम्ही आत गेलो असतो, मात्र दाराला कुलूप होते. बगिचा सकाळी साडेआठला बंद होतो व संध्याकाळी पाचला उघडतो. वर्षा-दोन वर्षांचे मूल सकाळी न्हाऊनखाऊन साडेनऊ-दहाला खेळायला मोकळे होते, मग झोपते आणि चार वाजता पुन्हा ताजेतवाने होते. त्याच्या या दोन्ही वेळांना बगिचा बंद. वेळापत्रक ठरवले आहे ते फिरायला येणाऱ्या आपल्यासारख्यांच्या सोयीने.

पाच वाजता दार उघडले. आतील स्वच्छतेबद्दल शंकाच नको. २०१७ पासून स्वच्छतेच्या राष्ट्रीय सर्वेक्षणात सतत अग्रस्थानी राहिलेल्या शहराचा तो बगिचा. कागदाचा कपटा सापडणार नाही. भोवती फरसबंद फिरण्याची वाट, एका अंगाला व्यायामाची लोखंडी यंत्रे, मध्ये हिरवळ. हिरवळीभोवती तार, तारेवर 'घास पर चलना मना है' ही पाटी. घसरगुंडी होती, पण तिची शिडी माझ्या खांद्याएवढी. झोक्यांवर दहा-बारा वर्षांची मुले उभी राहून झोके घेत होती आणि त्यांच्या आवाक्यात लहान मूल आले तर काय होईल, हे शिवलेल्या कपाळांवरून आपल्याला ठाऊक आहे. व्यायामयंत्रांच्या सांध्यांत चिमुकली बोटे सहज सापडावीत. आईने मुलाला फिरण्याच्या वाटेवर खाली ठेवले. मागून झपझप येणाऱ्या एका गृहस्थांनी सौजन्याने, पण स्पष्टपणे सांगितले, "बहनजी, बच्चे को साइड में लीजिए." साइडला तार होती.

आम्ही अर्ध्या तासात परतलो. मूल त्यातील पाच मिनिटे जमिनीवर होते.

आता कोणी म्हणेल, इंदूरमध्ये बगिच्यांची वाण आहे काय? नेहरू पार्क आहे, विजयनगरचे मेघदूत उपवन आहे, पिपल्यापाला तलावाकाठचे विस्तीर्ण रीजनल पार्क आहे, १९७४ पासूनचे कमला नेहरू प्राणिसंग्रहालय आहे. ही सारी स्थळे मला प्रिय आहेत, पण ती रविवारची आहेत. डबा भरून, मोटार काढून, चार माणसांनी मिळून जायची. वीस महिन्यांच्या मुलाला रविवार कळत नाही. त्याला रोज, दिवसातून दोनदा, आणि तेही आईच्या हातची कामे खोळंबू न देता जमीन हवी असते. (आमच्या शहरात 'गार्डन' या शब्दाचाही घात झालेला आहे. एखाद्या नव्या इंदूरवासीयास "जवळ गार्डन आहे का" असे विचारा; तो लग्नाच्या मांडवाचा पत्ता सांगेल.) गंमत म्हणजे २०२० मध्ये छप्पन दुकानांसमोरील रस्ता वाहनमुक्त झाल्यापासून रांगत्या-चालत्या मुलांची सर्वांत मोठी गर्दी मी तेथे पाहतो. आईवडील खाण्यात गुंतलेले आणि मूल मोकळ्या फरशीवर एकटेच गोल गोल फिरत असलेले. त्या जागेची योजना त्याच्यासाठी झालेली नव्हती. वाहने गेली आणि त्याला जागा सापडली.

या वयाला नेमके काय लागते, हे डॉक्टर वाचकांना नव्याने सांगण्याचे कारण नाही. इतरांसाठी थोडक्यात सांगतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये पाच वर्षांखालील मुलांसाठी मार्गदर्शक सूचना प्रसिद्ध केल्या. चालू न लागलेल्या बाळाला जागेपणी दिवसभरात मिळून किमान अर्धा तास पालथे खेळू द्यावे. एक ते दोन वर्षांच्या मुलाने दिवसात किमान १८० मिनिटे हालचाल करावी. बाबागाडी, उंच खुर्ची किंवा पाठीवरची झोळी यांत सलग एक तासाहून अधिक जखडून ठेवू नये. एक वर्षाच्या मुलास पडदा दाखवूच नये. आपल्या भारतीय बालरोगतज्ज्ञ संघटनेच्या २०२१ च्या सूचनाही दोन वर्षांपर्यंत पडदा नको असेच सांगतात. यातील 'नको' आपण पालकांना आवर्जून सांगतो. 'हवे' मात्र सांगून मोकळे होतो, कारण त्याला जागा लागते आणि जागा औषधाच्या चिठ्ठीवर लिहिता येत नाही.

मूल खडबडीत जमिनीवर चालते तेव्हा प्रत्येक पाऊल निराळे पडते. घोटा, गुडघा, कान आणि डोळे यांची मेंदूशी जी देवाणघेवाण त्या वेळी चालते, ती गुळगुळीत फरशीवर त्या प्रमाणात होत नाही. भाषेचेही तसेच. मूल मुंगीकडे बोट दाखवते, वर पाहते, आई 'मुंगी' म्हणते. दोघांचे लक्ष एका वस्तूवर जडले की शब्द रुजतो. त्यासाठी मुंगी असावी लागते. येथे एक सावधगिरीची सूचना: मुलाच्या बोलण्यातील प्रत्येक विलंब खेळाच्या अभावावर किंवा भ्रमणध्वनीवर ढकलू नये. 'व्हर्च्युअल ऑटिझम' हा शब्द अलीकडे पालकांच्या तोंडी फार झाला आहे. ते मान्यताप्राप्त निदान नव्हे आणि त्या शब्दाच्या आडोशाला खऱ्या स्वमग्नतेचे निदान लांबलेली मुले मी पाहिली आहेत. अठरा महिन्यांचे होऊनही मूल चालत नसेल तर आधी तपासणी, मग बगिचा.

जाता जाता पांगुळगाड्याविषयी दोन शब्द. आपल्या घरांतील जुना लाकडी पांगुळगाडा मुलाने मागे उभे राहून ढकलायचा असे. त्यात मूल स्वतःच्या पायांवर उभे असे आणि पडायचे तर स्वतःच पडे. आता बाजारात मिळते ते चाकांचे गोल कडे, ज्यात मूल बसवलेले असते, हे सर्वस्वी वेगळे साधन आहे. त्याने चालणे लवकर येत नाही आणि जिन्यावरून कोसळण्याचे अपघात होतात. कॅनडाने २००४ मध्ये त्याच्या विक्रीवर बंदी घातली. आपल्याकडे ते अजून बारशाच्या भेटींत येते.

माझे बालपण रामबागेतील एका वाड्यात गेले. मध्ये चौक, चौकात तुळशीवृंदावन, बाहेर रस्त्याला लागून ओटा, ज्याला आम्ही इंदुरी मराठीत 'ओटला' म्हणत असू. रांगते मूल ओसरीवर, चालते मूल चौकात आणि पळते मूल ओटल्यावर अशी जणू वयाची श्रेणीच वास्तूत ठरलेली होती. कोणाची तरी आजी तांदूळ निवडत तेथे बसलेली असे. चार घरांची मुले तिच्या नजरेत वाढत. संक्रांतीनंतर रथसप्तमीपर्यंत कोणाचे ना कोणाचे बोरन्हाण असे व साऱ्या वाड्यातील मुले चौकात बोरे वेचायला धावत. (आज बोरन्हाण सभागृहात होते, ते असो, पण बोरे, हरभरे व शेंगदाणे लहान मुलांच्या हाती लागू देऊ नयेत. ते श्वासनलिकेत अडकल्याच्या घटना दर हंगामात घडतात. चुरमुरे व मोठी बत्ताशी पुरेत.)

स्मरणरंजन करताना एक गोष्ट मात्र विसरून चालणार नाही. त्याच वाड्यांत प्लेग, हगवण आणि क्षय नांदले. पहिल्या महायुद्धाच्या काळात तुकोजीराव होळकर तिसरे यांनी पॅट्रिक गेडिस या स्कॉटिश नगररचनाकारास इंदूरला बोलावले, ते याच रोगराईच्या पार्श्वभूमीवर. गेडिस मुळात जीवशास्त्राचे अभ्यासक. त्यांनी एका दिवसासाठी 'महाराज' होऊन दिवाळीची मिरवणूक काढली, घरे स्वच्छ करणाऱ्या वस्त्यांमधून ती नेण्याचे जाहीर केले, तुळशीची रोपे वाटली, ही हकीकत इंदूरकरांना ठाऊक असते. त्यांचा दोन खंडांचा अहवाल १९१८ चा. जुन्या वस्तीतून रुंद रस्ते फाडत नेण्याच्या ते विरोधात होते. पडकी घरे तेवढी काढावीत, तेथे लहान मोकळी जागा ठेवावी, झाड लावावे, बसायला पार बांधावा, अशी त्यांची रीत. शल्यचिकित्सेचाच शब्द वापरून ते तिला जपून केलेली शस्त्रक्रिया म्हणत. एडिंबरोच्या जुन्या वस्तीत त्यांची कन्या नोरा हिने पडीक जागांवर मुलांसाठी लहान लहान बागा केल्या होत्या. इंदूरच्या स्वच्छतेचा इतिहास सांगताना आपण गेडिस यांची मिरवणूक आठवतो आणि तो लहानसा पार विसरतो.

'अंगण' या शब्दाला शिक्षणात स्थान दिले ते ताराबाई मोडक यांनी. भावनगरला गिजुभाई बधेका यांच्यासमवेत बालशिक्षणाचे काम केल्यावर ताराबाईंनी १९४५ मध्ये ठाणे जिल्ह्यातील बोर्डी येथे ग्रामीण बालशिक्षणाचा प्रयोग आरंभला. मूल शाळेत येत नसेल तर शाळा मुलाच्या अंगणात न्यावी, या विचारातून अंगणवाडी आली. पुढे २ ऑक्टोबर १९७५ रोजी एकात्मिक बालविकास सेवा योजना ३३ प्रकल्पांत सुरू झाली व अंगणवाडी हा शब्द देशभर पोहोचला. आमच्या इंदूरमध्ये १९४७ साली बालनिकेतन संघ स्थापणाऱ्या पद्मश्री शालिनीताई मोघे याच परंपरेतील. तात्यासाहेब सरवट्यांची ही कन्या २०११ मध्ये निवर्तली, तोवर या शहरातील मराठी घरांच्या दोन-तीन पिढ्या तिच्या शाळेतून शिकून गेल्या होत्या. त्यांचे कार्य मोठे आहे, पण बालवाडीत मूल जाते ते अडीच-तीन वर्षांचे झाल्यावर. त्याआधीचे हजार दिवस ते घरी असते, आणि आज शहरातील किती अंगणवाड्यांना अंगण आहे? भाड्याच्या एका खोलीत वजनकाटा, पोषण आहाराची पोती आणि वीस मुले, हेच दृश्य मी अनेक शिबिरांत पाहिले.

पडद्यांच्या व सातव्या मजल्यांच्या या काळात तशी जागा निर्माण करणे शक्य आहे काय, या प्रश्नाचे एक उत्तर इंदूरमध्येच उभे आहे आणि गंमत अशी की ते पाहायला परदेशातून विद्यार्थी येतात, आपण जात नाही. विजयनगरच्या पलीकडील अरण्य वसाहत. पुण्यात जन्मलेले वास्तुविशारद बाळकृष्ण दोशी यांनी इंदूर विकास प्राधिकरणासाठी १९८० च्या दशकात ती आखली. सुमारे साडेसहा हजार घरांची योजना, बहुसंख्य अल्पउत्पन्न कुटुंबांसाठी. तिला १९९५ मध्ये वास्तुकलेचा आगाखान पुरस्कार मिळाला. २०१८ मध्ये दोशींना प्रित्झ्कर पारितोषिक लाभले, तेव्हा या वसाहतीचे नाव पुन्हा निघाले. २०२३ च्या जानेवारीत ते गेले. गरिबांना पूर्ण घर परवडत नसेल तर जोते, पाणी व शौचालय द्यावे आणि घर त्यांचे त्यांनी वाढवावे, ही त्यातील मुख्य कल्पना सर्वज्ञात आहे. मला मात्र त्या आराखड्यातील दुसरी गोष्ट पाहायची होती. दहा-दहा घरांचा एक गट, प्रत्येक घरामागे लहानसे अंगण, पुढे ओटला आणि तो ओटला ज्या गल्लीवर उघडतो ती मोटारीसाठी नव्हे तर माणसांसाठी अरुंद ठेवलेली. मोकळ्या जागा एकाच ठिकाणी गोळा न करता वसाहतभर विखुरलेल्या.

डिसेंबरातील एका दुपारी मी तेथे दोन तास फिरलो. आराखड्यातील सारे जसेच्या तसे राहिलेले नाही. घरे वर चढली आहेत, काही ओटल्यांवर दुकाने आली आहेत, चौकांत स्कूटर उभ्या आहेत, मधल्या जागा कोठे कोठे आवळल्या आहेत. तरीही एका गल्लीत मी मोजले: पस्तीस-चाळीस पावलांत तीन वर्षांखालची सात मुले बाहेर होती. एक ओटल्याच्या पायरीवर पोट टेकून पाय खाली सोडत होते, पुन्हा वर चढत होते. ही एकच क्रिया त्याने मी उभा होतो तेवढ्यात अकरा वेळा केली. त्याची आई समोरच्या ओटल्यावर मेथी निवडत होती आणि मान वर न करता अधूनमधून त्याला हाक देत होती. दवाखान्यात सातव्या मजल्यावरील आईला मी जे व्यायाम समजावून सांगतो, ते सारे त्या पायरीवर आपोआप चालले होते. पायरीची उंची, आईचे अंतर आणि मोटारीचा अभाव या तीन गोष्टींनी ते घडत होते. तेथे घसरगुंडी नव्हती, रंगीत फलक नव्हता, कोनशिलाही नव्हती.

दिल्लीच्या २०२१ च्या बृहत् आराखड्यात दर अडीचशे लोकवस्तीमागे १२५ चौरस मीटरचे शिशुक्रीडांगण असावे, असे मान नोंदलेले आहे. १२५ चौरस मीटर म्हणजे आपल्या मध्यम आकाराच्या एखाद्या सदनिकेहून फार मोठे नव्हे. आल्डो व्हान आइक या तरुण वास्तुविशारदाने १९४७ मध्ये ॲमस्टरडॅम महापालिकेसाठी पहिले क्रीडांगण केले ते अशाच एका चौकात: वाळूचा हौद, काही दगड, काही लोखंडी कमानी, भोवती बाके. पुढील तीस वर्षांत युद्धात ओसाड पडलेल्या भूखंडांवर व रस्त्यांच्या कडेला अशी सातशेहून अधिक क्रीडांगणे झाली. अलीकडे पंचाण्णव सेंटिमीटर उंचीवरून शहर कसे दिसते, असा प्रश्न नेदरलँड्समधील व्हान लीअर प्रतिष्ठानाने जगभर विचारला. ही तीन वर्षांच्या निरोगी मुलाची सरासरी उंची. आपल्या वाढीच्या तक्त्यावर मुलींची मध्यमा ९५.१ आहे. त्याच प्रतिष्ठानाच्या सहकार्याने केंद्रीय नगरविकास मंत्रालयाने २०२० च्या अखेरीस पाच वर्षांखालील मुलांसाठी परिसर सुधारण्याची स्पर्धा जाहीर केली. निवडलेल्या पंचवीस शहरांत इंदूर, उज्जैन व नागपूर होती. २०२२ मध्ये पुढील टप्प्यासाठी निवडलेल्या दहा शहरांतही इंदूर होते. म्हणजे आपल्या शहराला या विषयाचे भान नाही असे नाही. स्वच्छतेत जे साधले ते येथे का साधू नये, असा प्रश्न मला पडतो. कचऱ्याची गाडी घराच्या दाराशी आली म्हणून इंदूर स्वच्छ झाले. कोपऱ्यावरची पेटी कितीही मोठी केली असती तरी झाले नसते. खेळाच्या जागेलाही हाच न्याय लागू पडतो.

आता एक कबुली दिल्यावाचून हा लेख पुरा होणार नाही. आमच्या वसाहतीत मध्यभागी एक मोकळा भूखंड होता. एक कडुनिंब, दोन गुलमोहर, बाकी काळी माती. माझी मुलगी तेथेच मातीत लोळून मोठी झाली. २००९ मध्ये रहिवासी संघाच्या सभेत त्या जागेवर पेव्हर ब्लॉक बसवण्याचा ठराव आला. माळव्याच्या काळ्या मातीचा पावसाळ्यात किती चिखल होतो हे सांगायला नको. त्यातून मोटारी वाढल्या होत्या. मी त्या वेळी संघाचा सचिव होतो. चिखलात पाणी साठते, डास होतात, डेंग्यू पसरतो, हा मुद्दा सभेत मीच मांडला. डॉक्टर बोलला म्हटल्यावर दुसरे कोण बोलणार? ठराव एकमताने झाला. इतिवृत्त माझ्या अक्षरात आहे. डेंग्यूचे डास चिखलात नव्हे तर घरातील कूलर, कुंड्या, टाक्या अशा स्वच्छ साठवणीत होतात, हे मला त्या दिवशीही ठाऊक होते.

त्या सातव्या मजल्यावरच्या आईने "कोणत्या?" असे विचारले, तेव्हा मला ते इतिवृत्त आठवले. गेल्या हिवाळ्यात मी सभेत विषय काढला. पहिल्या सभेत तो हसण्यावारी गेला, दुसऱ्या सभेत भांडण झाले. तिसऱ्या सभेत कडुनिंबाखालील वीस फूट लांब व पंधरा फूट रुंद जागा मिळाली. मोटारींच्या हिशेबात सांगायचे तर दोन मोटारींची. ब्लॉक उचलले, माती काढून खाली गिट्टी-मुरूम भरला, वर अर्ध्या भागात नदीची वाळू व अर्ध्यात हरळी. भोवती गुडघ्याहून कमी उंचीचा ओटा, आजी-आजोबांना बसता येईल व मुलाला धरून उभे राहता येईल असा. दोन ठिकाणी चार-चार इंचांच्या पायऱ्या. एक नळ. एक आडवे पडलेले जुने खोड. झोका नाही, घसरगुंडी नाही. वसाहतीतील एका निवृत्त अभियंत्यांनी उभे राहून काम करून घेतले. रात्री वाळूवर ताडपत्री घालावी लागते, नाहीतर मांजरे तिचा उपयोग करतात आणि मग जंतांचा प्रश्न येतो. हे काम चौकीदार करतो.

खरा वाद त्यानंतर उद्भवला. घरकाम करणाऱ्या बायका आपली मुले सोबत आणतात. ती पूर्वी जिन्यात बसत, आता वाळूत आली. चौकीदाराची दीड वर्षाची मुलगी तर पहिल्या दिवसापासून तेथेच. दोन कुटुंबांनी संसर्गाचा मुद्दा काढला व माझेच मत विचारले. या वेळी मी इतकेच म्हणालो की, नळ आहे, साबण ठेवू, सर्वांचेच हात धुऊ. एका कुटुंबाने आपले मूल पाठवणे बंद केले. ते आजही येत नाही. शेजारी नवी इमारत उठते आहे, तेथील मजुरांची मुले वाळूच्या ढिगावर दिवसभर खेळतात. त्यांच्यापाशी वाळू आहे, मात्र जवळ सळया व पाण्याचा उघडा हौद आहे आणि लक्ष ठेवायला कोणी नाही. ठेकेदाराशी मी दोनदा बोललो. हौदावर फळ्या आल्या. त्यापुढे काही झाले नाही.

तो वीस महिन्यांचा मुलगा आता तीन वर्षांचा झाला आहे. त्यांच्या भागातील एका मंदिराच्या आवारात आजी त्याला रोज सकाळी नेते. पुजारीबुवांनी दहा ते अकरा दार उघडे ठेवण्याचे मान्य केले. तो वाक्ये बोलतो, हिरवळीवर पळतो. घरातील पडदाही त्याच वेळी बंद झाला होता, तेव्हा श्रेय कशाचे हे मी सांगू शकत नाही.

मागील शनिवारी संध्याकाळी घरी परतलो तर आमच्या त्या जागेच्या तोंडाशी पाहुण्यांची एक मोटार उभी होती, मागची दोन चाके वाळूत. चाकाच्या मागे चौकीदाराची मुलगी वाळू उकरत बसली होती. चालक जागेवर बसून किल्ली फिरवण्याच्या बेतात होता. त्याच्या आरशात ती दिसणे शक्यच नव्हते. मी ओरडलो, चौकीदार धावला. मुलीला उचलल्यावर तिने मोठा गळा काढला, कारण तिचा खड्डा अर्धवट राहिला होता. येत्या रविवारी सभा आहे. तोंडाशी दगडी खांब व साखळी बसवण्याचा ठराव मी लिहून दिला आहे. या खेपेसही माझ्याच अक्षरात.